जावयाचं पोट

आईने अनारशांसाठी तांदूळ भिजत घातलेत. रोज पाणी बदलते, तरी त्याला तो आंबूस वास सुटतोच, आणि मानपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत त्याला अडवायला कुठे जागाच नाही. बाहेर उन्हाने पत्रे तापलेत, सोसायटीच्या गेटवर पाण्याचा टँकर उभा आहे, खालून कुणीतरी ‘मोटर चालू करा’ म्हणून ओरडतंय. यंदा अधिक महिना ज्येष्ठात आलाय. माझ्या बहिणीचा नवरा वाणाला यायचाय, म्हणून आईची धांदल चाललीये. ती मधेच म्हणाली, “तांदूळ बघ रे जरा, वास बरोबर येतोय ना?” मी पातेल्याशी वाकलो आणि माझे कान गरम झाले. चांगला चाळिशीला टेकलेला माणूस मी. तांदळाच्या वासाने लाजतोय.

मागचा अधिक महिना श्रावणात आलेला. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझ्या बायकोचं, मधुराचं, माहेर ठाण्याचं, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतलं. तिचे वडील, अप्पा, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. रिटायर झाले तरी शर्टाची इस्त्री मोडली नाही. मूळ साताऱ्याकडचे. आम्ही कोकणातले. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण दिलं की झालं. त्यांच्याकडे ‘धोंडा’. पुरण भरून वाफवलेले कणकेचे गोळे, त्यावर तुपाची धार, जावयाचे पाय धुणं, नवे कपडे, झाडून सगळे नातेवाईक. “त्या दिवशी जावई म्हणजे विष्णू,” मधुराने सांगितलं तेव्हा मी हसलेलो. मग म्हणाली, “हसू नकोस. अप्पा कुणाच्या पायाला हात लावत नाहीत. तुझ्या लावणारेत.”

तिच्या माहेरी तयारी सुरू झाली तशी ती आधीच ठाण्याला निघून गेली. आणि त्याच आठवड्यात माझं पोट बिघडलं. कशाने, ते नक्की सांगता येणार नाही. त्या दिवसांत नळाला गढूळ पाणी येत होतं आणि कंपनीतून निघताना आम्ही चौघं पावसात छत्र्या सावरत उभ्याने पाणीपुरी खात होतो. बाकी तिघांना काही झालं नाही. हेही मला तेव्हा फार लागलं. जणू माझ्याच आतड्यांना वळण नव्हतं.

या गोष्टीला आपल्या भाषेत शब्द नाहीत असं नाही. जुलाब, ढाळ, हगवण, आव. आजीच्या पिढीची माणसं हे शब्द पावसापाण्याबद्दल बोलावं तसे बोलायची. आमच्यापर्यंत येता येता ते सगळे तोंडातून गळून पडले. आम्ही ‘फ्रेश होऊन येतो’, आम्हाला ‘जरा ॲसिडिटी’ असते, फारच झालं तर ‘पोट ठीक नाही’, आणि तेही हसत. ऑफिसात आमच्या मजल्यावर संडास एकच, तोही चहाच्या खोलीला लागून. आत गेलो की मी आधी नळ सोडायचो. बादली भरून वाहायला लागायची तरी नळ चालू. बाहेर कुणीतरी म्हणायचं, “कोण आंघोळ करतोय रे आत?” आणि हशा. मी पाणी तोंडावर मारून, केस ओले करून बाहेर यायचो. म्हणजे तोंड धुवायलाच गेलेलो असं वाटावं.

औषधाचं दुकान आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर आहे. त्या संध्याकाळी नेमक्या तिथे आमच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. मी थांबलो. आधी ब्लेड घेतलं, मग खोकल्याच्या गोळ्या. काकू हलेनात. शेवटी काउंटरवर वाकून, एखादी भलतीच वस्तू मागावी तसं पुटपुटलो, “लूज मोशनची गोळी.”

दुकानदार नेहमीच्या आवाजात बोलला. त्याचा नेहमीचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जातो. “कुणाला होतायत? ताप आहे का? रक्त, आव वगैरे पडतेय?”

“माझ्यासाठी नाही,” मी म्हणालो. “ऑफिसातल्या एकाला हवीये.”

“मग त्याला नीट सांगा. साधे पाण्यासारखे होत असतील तर ठीक, मोठ्या माणसाने एखाददोन दिवस घ्यायला हरकत नाही. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच घ्यायच्या, वर एकही नाही. ताप असेल, रक्त असेल तर ही गोळी अजिबात नको, सरळ डॉक्टरकडे जा म्हणावं. आणि हे ओआरएस न्या, खरं काम त्याचंच.” त्याने भगव्या रंगाची पाकिटं काउंटरवर ठेवली. काकूंनी मान वळवून पाहिलं. मी म्हणालो, “नको, आहे त्याच्याकडे.”

ती पाकिटं हातात घेऊन जिना चढायचा म्हणजे गळ्यात पाटी अडकवून चढण्यासारखं होतं. गोळ्यांच्या दोन पट्ट्या मात्र खिशात मावत होत्या.

गोळीने जादू केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट गप्प. मी आईसमोर व्यवस्थित जेवलो, मधुराशी फोनवर गप्पा मारल्या, अंगाला कोणता कुर्ता येईल ते तिला सांगितलं. संध्याकाळी अंग कसकसलं. आणि मग जे दिसलं ते मी बघितलं आणि फ्लश ओढला. लाल होतं. इतक्या चटकन ओढला की पुढे कितीतरी वेळ मी स्वतःला सांगू शकलो, नीट दिसलंच नाही, दुपारी बीट खाल्लेलं. घरात बीट आणल्याला महिना झालेला. दुकानदाराचा प्रश्न कानात होता, नव्हता असं नाही. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे आईला सांगायचं, मधुराला सांगायचं, आणि मधुराने अप्पांना सांगायचं: धोंड्याला जावई येणार नाहीत, त्यांना हगवण लागलीये. हे वाक्य त्या घरातून त्या गल्लीत, तिथून साताऱ्यापर्यंत जाताना मला दिसत होतं. मी तापाची गोळी घेतली आणि वर ती दुसरीही घेतली. मग पुन्हा कळ आली की पुन्हा. पाकिटावरचा आकडा मी वाचलेला. तो इतरांसाठी असतो अशी माझी समजूत.

रविवारी, धोंड्याच्या दिवशी, सकाळी आईने मला दारात थांबवलं. “चेहरा का असा उतरलाय?”

“झोप नाही झाली.”

“कपाळ बघू.”

“अगं आई, कॅब आलीये खाली.”

जिने मला वाढवलं, जिने माझी दुपटी धुतली, तिलाही सांगायची लाज.

अप्पांचं घर जुन्या बिल्डिंगमधलं. हॉल, स्वयंपाकघर, आणि हॉलमध्येच उघडणारा संडास. त्याचं दार पावसात फुगतं आणि शेवटचं बोटभर बंद होत नाही. त्या दिवशी हॉलभर माणसं. सतरंजीवर काका, मावशा, आत्या, कुणाची कोण. पुरणाचा वास, ओल्या छत्र्यांचा वास, उदबत्ती. माझं पोट तोपर्यंत ढोलासारखं टम्म झालेलं. वाराही सरकत नव्हता. पाटावर बसवलं तेव्हा नव्या पांढऱ्या पायजम्याची नाडी मी हळूच सैल केली.

अप्पांनी ‘शालू’ म्हणून हाक मारली तशी सासूबाईंनी परात ठेवली. अप्पा खाली बसले. गुडघ्यांतून कटकन आवाज आला. त्यांनी माझ्या पायांवर कोमट पाणी घातलं, पुसलं, गंध लावलं. वर न बघता म्हणाले, “पाय फार गरम लागतायत, जावईबापू.”

“उन्हातून आलो ना,” मी म्हणालो. बाहेर धो धो पाऊस पडत होता.

मग ताट आलं. मधोमध धोंडे, त्यांवर तूप. सासूबाई आग्रहाच्या पक्क्या. “आणखी एक. धोंड्याला नाही म्हणायचं नसतं.” मी एक एक घास पाण्याबरोबर ढकलत होतो. मधुराचे काका म्हणाले, “जावई लाजतायत! अहो, स्वतःचंच घर समजा.” सगळे हसले. मधुरा माझ्याकडे बघत होती. भुवया वर करून तिने विचारलं, काय झालं? मी मान हलवली, काही नाही.

एकदा हात धुवायच्या निमित्ताने उठलो आणि त्या न लागणाऱ्या दाराआड उभा राहून खिशातली उरलेली गोळी कोरडीच गिळली. पुन्हा येऊन बसलो. त्यानंतरचं सलग आठवत नाही. घाम फुटल्याचं आठवतं. छातीत धडधडल्याचं. उठायला गेलो आणि हॉल एका बाजूला कलंडला. मग मी सतरंजीवर पडलेलो, कुणीतरी माझं नाव घेत होतं, आणि इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं त्या पांढऱ्या पायजम्यात, त्या सगळ्यांच्या समोर, माझ्या परवानगीशिवाय बाहेर येत होतं.

एका मावशीने पदर नाकाला लावला आणि लगेच खाली घेतला. तो तिने खाली घेतला, हे जास्त लागलं.

अप्पा म्हणाले, “सगळे स्वयंपाकघरात जा. दार ओढून घ्या.” मग मधुराला, “पाणी तापव.” त्यांनी मला खांद्याखाली हात घालून उठवलं आणि बाथरूममध्ये नेलं. मी म्हणत होतो, “अप्पा, तुम्ही नका, मधुराला बोलवा, मी करतो.” हात मात्र नाडीही सोडवू शकत नव्हते. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग पूर्ण वेळ ते फक्त एवढंच बोलत राहिले, “पाणी गरम वाटतंय का? धरा इथे. वळा.” माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. कुठल्याही पुरुषाने मला धुतल्याची मला आठवण नव्हती. मी डोळे मिटून घेतले, लहान मुलं मिटतात तसे. म्हणजे आपण कुणाला दिसत नाही.

“हे रक्त आहे,” अप्पा म्हणाले. “कधीपासून?”

“कालपासून.” मग म्हणालो, “परवापासून.”

त्यांनी पायजमा उचलला. खिशातून दोन रिकाम्या पट्ट्या निघाल्या. त्या त्यांनी धुऊन, पुसून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवल्या.

जवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोटावर बोटं वाजवून पाहिली. मग विचारलं, “जुलाब किती वेळा? रक्त किती? गोळ्या किती घेतल्या?” माणसाला नाव-गाव विचारावं तसं. मी गोळ्यांचा आकडा निम्मा करून सांगितला. अप्पांनी खिशातल्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

डॉक्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “खरा आकडा मला लाज काढायला नकोय. ही गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके चुकू शकतात. आधी ईसीजी काढू या.” आणि नर्स वायरी लावत असताना समजावून सांगितलं. “ही गोळी आजार बरा करत नाही, फक्त आतड्याची हालचाल थांबवते. साध्या जुलाबात थोडा वेळ चालतं ते. पण तुम्हाला ताप होता, रक्त पडत होतं. म्हणजे आत जंतूंनी जखमा केल्यात. शरीर घाण बाहेर टाकायला बघतंय आणि तुम्ही दार लावून घेतलंत. आतडं फुगलंय. असंच आणखी फुगत गेलं असतं तर पोट उघडायची वेळ आली असती. आणि अंगात पाणी नाहीये तुमच्या. ओआरएस का नाही घेतलं?”

पाकिटाचा रंग भगवा होता म्हणून, असं सांगू?

सलाइन, इंजेक्शनं, तोंडाने काही नाही. रोज पोटाचा फोटो काढायचे. दोनतीन दिवसांनी सूज उतरायला लागली तेव्हा पहिल्यांदा मधुरा माझ्याशी नीट बोलली. त्याआधी ती फक्त कामाचं बोलत होती.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार होतो?”

“जुलाब होतायत. दोन शब्द आहेत, सुहास.”

मग ती हळू म्हणाली, “तू पडलास ना, तेव्हा मला पहिल्यांदा तुझी काळजी नाही वाटली. पहिल्यांदा वाटलं, शी, सगळ्यांसमोर. क्षणभरच. पण वाटलं. आता मला त्याचीच लाज वाटतेय.” तिने माझा हात हातात घेतला, सुई होती तो, म्हणून अलगद.

मी बरा झालो. पोट महिन्याभरात रुळावर आलं, मी मात्र नाही. गौरी-गणपतीला ठाण्याला जायचं टाळलं, ऑफिसचं काम पुढे केलं. दसऱ्याला टेंभी नाक्याच्या देवीला जाऊ, असं मधुरा म्हणाली, तेव्हा मी डोकं दुखल्याचं सांगितलं. वागळे इस्टेटला जाणारी कंपनीची बस रोज त्या बाजूने जायची, आणि तो नाका आला की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. घरच्यांपैकी कुणी एका शब्दाने त्या दिवसाचा उल्लेख केला नाही. मला वाटायचं, करावा. कुणीतरी एखादा घाणेरडा विनोद करावा आणि मोकळं करावं. पण माझ्याबद्दल सगळे मिळून जे काही गिळत होते, ते मला प्रत्येक फोनवर ऐकू यायचं. अप्पांचा आवाज तर मला नकोच व्हायचा. मला नागडं, रडवेलं पाहिलेला माणूस. त्यांनी फोन केला की मी तो मधुराकडे द्यायचो.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी थेट माझ्या ऑफिसच्या वेळेत फोन केला.

“जावईबापू, एकटे आहात का?”

मी जिन्यात गेलो. “बोला अप्पा.”

मागे वाहनांचे आवाज येत होते. म्हणजे घरातून बोलत नव्हते. मग म्हणाले, “मला पण... तुम्हाला जात होतं तसं. जातंय. बरेच दिवस झाले. ताप नाही काही. शालूला बोललो नाही. मधुराला बोलू नका.” आणि जरा थांबून, “तुम्हालाच सांगू शकतो म्हणून केला.”

मी हाफ डे टाकून तासाभरात टेंभी नाक्याला पोचलो. कित्येक महिन्यांनी. ते चौकात, बंद दुकानाच्या पायरीवर उभे होते, शर्ट तसाच कडक इस्त्रीचा. भेटल्यावर पहिल्यांदा त्यांनी खिशातून एक पट्टी काढून दाखवली. तीच गोळी. “आणली होती. घेतली नाही. तुमचं आठवलं.”

त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वेटिंगमध्ये माणसं होती, केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. त्यांनी विचारलं, “बोला, काय त्रास?” अप्पांनी घसा साफ केला. “जरा पोट...” एवढं म्हणून थांबले. माझ्याकडे पाहिलं. सबंध वर्कशॉपला एका हाकेत गप्प करणारा माणूस, आणि त्याला पुढचा शब्द येत नव्हता.

मी म्हणालो, “यांना शौचातून रक्त पडतंय. बरेच दिवस.” मोठ्याने म्हणालो. बाहेर बाकावरची दोन माणसं वळली, ते मला दिसलं. माझे कान तापले. तापू दिले.

अप्पांच्या आतड्यात गाठ निघाली. लवकर सापडली, ऑपरेशन वेळेवर झालं, आणि आज ते पहाटे घराजवळच्या तलावाला दोन फेऱ्या मारतात. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आमच्या हातात फक्त तपासण्यांची चिठ्ठी होती आणि घरी जाऊन सासूबाईंना सांगायचं होतं. अप्पा गल्लीच्या तोंडाशी थबकले. “मूळव्याध म्हणून सांगितलं तर?”

“नको अप्पा. जसं आहे तसं.”

जिन्यात ते प्रत्येक मजल्यावर थांबत होते. दम लागलाय असं दाखवत. दार सासूबाईंनीच उघडलं. आम्हा दोघांना एकत्र, तेही भर दुपारी बघून त्यांनी काही विचारलं नाही. पाणी दिलं. अप्पांनी पेला हातात धरला, प्यायले नाहीत, आणि खाली फरशीकडे बघत एका दमात बोलून टाकलं. “शालू, मला महिनाभर खालून रक्त जातंय. डॉक्टरने तपासायला सांगितलंय.”

सासूबाई शांतपणे त्यांच्यासमोर बसल्या. पदराने कपाळ पुसलं.

“मला माहितीये,” त्या म्हणाल्या. “कपडे कोण धुतं तुमचे?”

अप्पांनी मान वर केली. “मग बोलली का नाहीस?”

त्या एकदा माझ्याकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आलेले.

“तुम्हाला लाज वाटली असती,” त्या म्हणाल्या.